वडावरची वाघळं : घाबरायचं किती, सांभाळायचं काय? चावलं, घरात शिरलं, फळ उष्टावलं तर नेमकं काय कराल

उन्हाळा लागला की गावोगावी एक विषय हमखास निघतो. वेशीवरच्या वडावर नाहीतर चिंचेवर शेकडो वाघळं लटकलेली असतात. संध्याकाळी दिवेलागणीला ती उठली की आभाळ काळं होतं. मग पारावर बोलणं सुरू होतं. कुणी म्हणतं, ही रोगराई आहे, झाडच तोडा. कुणाच्या बागेतले पेरू खाल्लेले असतात. कुणाच्या नव्या गाडीवर घाण पडलेली असते. म्हातारी माणसं सांगतात, आमच्या आज्यापासून ही इथंच आहेत, कुणाला काही झालं नाही.

२०२० साली कोरोना आला तेव्हा ही भीती फार वाढली. देशात कित्येक ठिकाणी लोकांनी वटवाघळं मारली, त्यांची झाडं छाटली. पुढं केरळमधल्या निपाहच्या बातम्या मोबाइलवर फिरत राहिल्या. त्यात खरं किती, अफवा किती, हे वेगळं करून कुणी सांगत नाही. म्हणून ही माहिती सविस्तर.

आधी ओळख : वाघळं सगळी सारखी नसतात

भारतात वटवाघळांच्या सव्वाशेपेक्षा जास्त जाती आहेत. शेतकऱ्याच्या दृष्टीनं त्यांचे सरळ दोन गट पडतात.

पहिला गट फळं खाणारा. वडावर, पिंपळावर, चिंचेवर उघड्यावर लटकणारं, कोल्ह्यासारख्या तोंडाचं मोठं वाघूळ ते हेच. पंख पसरले तर चार फुटांच्या आसपास भरतात. याच गटात लहान वाघळंही आहेत. ती ताडाच्या, केळीच्या पानाखाली, घराच्या पडवीत लटकतात. सकाळी पडवीच्या भिंतीवर पिवळे-लाल डाग आणि खाली बदामाच्या बिया, चोथा पडलेला दिसला तर समजायचं की रात्री हे पाहुणे जेवून गेले.

दुसरा गट किडे खाणारा. काही भागात यांना पाकोळ्या म्हणतात. जुन्या वाड्यात, कौलात, पुलाखाली, विहिरीच्या कपारीत, देवळाच्या गाभाऱ्यात, लेण्यांत ती राहतात. मुठीत मावतील एवढी लहान. रात्रभर डास, पतंग, तुडतुडे, पिकावरच्या किडींचे पतंग असं काय काय खात फिरतात. फवारणीचे पैसे न घेता काम करणारा हा गडी आहे.

रक्त पिणारी वटवाघळं फक्त मध्य आणि दक्षिण अमेरिकेत आढळतात. त्यांच्या जगभरात मिळून तीनच जाती आहेत. आपल्याकडं त्यातली एकही नाही.

तोंडानं खातं, तोंडानंच हगतं? गैरसमज दूर करू

गावाकडं हे वाक्य प्रत्येकानं ऐकलेलं असतं. ते खरं नाही, पण त्यामागं एक निरीक्षण आहे. मोठं वाघूळ फळ चावून रस गिळतं आणि चोथा तोंडातून थुंकून टाकतं. खालून बघणाऱ्याला वाटतं, हे तोंडानंच विष्ठा टाकतंय. खरं तर विष्ठा करताना ते अंगठ्याच्या नखांनी फांदी धरून सरळ होतं, काम झालं की पुन्हा उलटं लटकतं.

वटवाघूळ आंधळंही नसतं. फळं खाणाऱ्यांचे डोळे तर चांगले मोठे असतात. किडे खाणारी वाघळं अंधारात बारीक आवाज काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. माणसाला तो आवाज ऐकू येत नाही. केसात अडकतं, हेही खोटं. डोक्याजवळून जातं ते डोक्यावर घोंघावणाऱ्या डासांसाठी.

आणखी एक. वाघळाचं तेल सांधेदुखीवर किंवा मांस दम्यावर चालतं, असं सांगणारे अजून भेटतात. असा गुण येतो याला काही आधार नाही. उलट वाघूळ पकडणं, कापणं, साफ करणं यातच सगळ्यात जास्त धोका आहे.

निपाह म्हणजे काय, आणि तो माणसापर्यंत येतो कसा

हा विषाणू पहिल्यांदा १९९८-९९ मध्ये मलेशियात आढळला. तिथं वाघळांनी खाल्लेली फळं डुकरांच्या गोठ्यात पडली, डुकरांना लागण झाली आणि डुकरांपासून ती माणसांना झाली. तिथल्या एका गावावरून रोगाला निपाह हे नाव पडलं. भारतात २००१ मध्ये पश्चिम बंगालच्या सिलिगुडीत आणि २००७ मध्ये नादिया जिल्ह्यात साथ आली. २०१८ मध्ये केरळच्या कोझिकोड भागात आली तेव्हा १७ जणांचा जीव गेला. त्यानंतरही केरळात अधूनमधून रुग्ण सापडत आले आहेत.

कोझिकोडची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या रुग्णाच्या घरच्या विहिरीत वाघळं दिसली म्हणून सगळं बोट तिकडं दाखवलं गेलं. तपासणी झाली तेव्हा ती किडे खाणारी निघाली आणि त्यांच्यात विषाणू सापडला नाही. नंतर त्या परिसरातली फळं खाणारी मोठी वाघळं तपासली, तेव्हा काहींमध्ये तो सापडला. म्हणजे दिसलं वाघूळ की झाला रोग, इतकं ते सरळ नसतं.

महाराष्ट्रातही याचा अभ्यास झाला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले. काही वाघळांमध्ये निपाहच्या प्रतिपिंडांचा माग लागला. २०२१ मध्ये ही माहिती जाहीर झाली आणि महाबळेश्वरला निपाह आला अशा पोस्ट फिरल्या. वाघळाच्या अंगात विषाणूचा माग सापडणं आणि माणसाला रोग होणं यात मोठं अंतर आहे. त्या वेळी तिथं माणसात एकही रुग्ण नव्हता.

हे अंतर कुठल्या वाटेनं कापलं जातं, ते समजून घेतलं तर काळजी कुठं घ्यायची ते कळतं. मुख्य वाटा तीन आहेत.

पहिली वाट उष्ट्याची. वाघळाची लाळ किंवा लघवी लागलेलं फळ, किंवा कच्चा रस. बांगलादेशात दर हिवाळ्यात निपाहचे रुग्ण निघतात, त्याचं मुख्य कारण शिंदीचा कच्चा रस. रात्री झाडाला मडकं बांधलेलं असतं, वाघूळ येऊन धार चाटतं, मडक्यात लघवी करतं. सकाळी तोच रस लोक न उकळता पितात.

दुसरी वाट जनावराची. मलेशियात डुकरं मध्ये आली, तशी.

तिसरी वाट माणसाची. आजारी माणसाची लाळ, थुंकी, उलटी यांच्याशी जवळून संबंध आला की घरच्यांना आणि दवाखान्यातल्या लोकांना लागण होते. कोझिकोडला बऱ्याच जणांना लागण दवाखान्यातच झाली होती.

झाडाखालून नुसतं गेल्यानं किंवा वाघूळ डोक्यावरून उडाल्यानं निपाह होत नाही.

हा रोग दुर्मिळ आहे, पण झाला तर वाईट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार लागण झालेल्या १०० पैकी ४० ते ७५ जण दगावतात. त्यावर लस नाही. ताप, डोकेदुखी, उलट्या आणि त्यानंतर गुंगी, बडबड, झटके अशी लक्षणं दिसली तर घरी थांबू नये. कारण काहीही असो, तापात माणूस बरळायला लागला की ते तातडीचं समजावं. १०८ ला फोन करावा.

रानात आणि घरात एवढं पाळा

- झाडाखाली पडलेलं, चोच मारल्यासारखं किंवा दात लागलेलं फळ खाऊ नका. कुरतडलेला भाग कापून उरलेलं खाणंही नको. पोरांना हे नीट समजावून सांगा, कारण पाडाचं फळ उचलून तोंडात टाकायची सवय त्यांनाच असते.
- चांगलं फळही धुऊन, शक्य तिथं सोलून खा.
- ताडी, शिंदी, नीरा उतरवणाऱ्यांनी मडक्याचं तोंड आणि धार दोन्ही झाकावं. बांगलादेशात बांबूच्या चटईची झडप बांधतात, त्यामुळं वाघूळ धारेपर्यंत पोचत नाही. रस उकळून गूळ केला तर विषाणूचा धोका राहत नाही.
- मोहफुलं पहाटे वेचल्यावर धुऊन, कडक उन्हात वाळवूनच वापरा. मोहाच्या फुलांवर रात्री वाघळं येतातच.
- उष्टी फळं गोळा करून डुकरांना, शेळ्यांना घालू नका. खड्ड्यात पुरा.
- पाण्याची टाकी आणि आड झाकून ठेवा. जाळी पुरते.
- जुन्या वाड्यात, गुहेत, बंद खोलीत लेंडीचा थर असेल तर कोरडा झाडू मारू नका. त्या धुळीतून फुफ्फुसाचा बुरशीजन्य आजार होऊ शकतो. तोंडाला मास्क बांधा, आधी पाणी शिंपडा, मग फावड्यानं उचला. कुजवून वापरलं तर हे खत उत्तम असतं.

वाघूळ घरात शिरलं तर

रात्री पाकोळी घरात शिरते आणि घरभर आरडाओरडा होतो. कुणी झाडू घेतं, कुणी टॉवेल फिरवतं. त्यानं ती आणखी बिथरते आणि अंगावर येते असं वाटतं. खरं तर ती बाहेरची वाट शोधत असते.

सगळ्यात आधी पंखा बंद करा. मग पोरांना दुसऱ्या खोलीत न्या, खोलीचा दिवा मालवा, खिडक्या-दारं सताड उघडा आणि शांत बसा. बहुतेक वेळा काही मिनिटांत ती निघून जाते.

खाली पडलेली असेल तर उघड्या हातानं उचलू नका. बहुतेक वाघळांना सपाट जमिनीवरून नीट उडता येत नाही, म्हणून ती मेल्यासारखी पडून राहतात. वर एक खोका पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि खोका बाहेर झाडाच्या बुंध्याशी टेकवून ठेवा. ती आपोआप वर चढते. जखमी मोठं वाघूळ दिसलं तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा.

पडवीत रोज येऊन भिंत खराब करणाऱ्यांसाठी सोपा उपाय म्हणजे काही रात्री तिथं दिवा चालू ठेवणं. कौलातली फट बुजवायची असेल तर आत पिल्लं नाहीत याची खात्री करून, आणि सगळी बाहेर गेल्यावर रात्री बुजवा. नाहीतर आत कोंडून मरतात आणि घरभर वास सुटतो.

चावलं किंवा ओरखडलं तर

आपल्याकडं रेबीज मुख्यतः कुत्र्याच्या चाव्यातून होतो. अमेरिका खंडात मात्र वटवाघळापासून माणसांना रेबीज होतो, आणि रेबीजच्या जातीचे विषाणू इतर देशांतल्या वाघळांतही सापडले आहेत. रेबीज एकदा उमटला की वाचणं जवळपास अशक्य असतं. म्हणून चाव्याकडं दुर्लक्ष नको. लहान वाघळाचे दात इतके बारीक असतात की जखम सुई टोचल्याएवढी दिसते.

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तंबाखू काही भरू नका. त्यानंतर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि वटवाघूळ चावलं असं स्पष्ट सांगा. लस द्यायची का, सोबत आणखी इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टर ठरवतील. लस सुरू झाली तर दिलेल्या तारखा चुकवू नका. पहिल्या दिवसानंतर तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस असा क्रम असतो. दुसरा डोस घेऊन पेरणीच्या गडबडीत पुढचे सोडून दिले, असं होऊ देऊ नका.

झाडाखाली लावलेली गाडी

आता तक्रारीचा दुसरा भाग. रस्त्यासाठी जमीन गेली, मोबदला आला आणि दारात मोठी गाडी आली, अशी उदाहरणं आता प्रत्येक तालुक्यात आहेत. सावली म्हणून गाडी वडाखाली लागते आणि सकाळी टपावर डाग असतात. मग मालक म्हणतो, लाखाची गाडी खराब होतेय, फांद्या उतरवा.

डाग पडतात हे खरं. विष्ठा आणि फळांचा आंबट रस उन्हात वाळला की रंगावरचा चकाकीचा थर खातो. त्यावर उपाय म्हणजे सकाळीच भरपूर पाण्यानं भिजवून, मऊ फडक्यानं न घासता पुसणं. कोरड्यानं खरवडलं की ओरखडे पडतात. नाहीतर सरळ कव्हर घाला, किंवा गाडी दहा पावलं पलीकडं लावा.

पण गाडीची किंमत कमी होते ती मुख्यतः वयानं. विम्याच्या कागदावर गाडीची किंमत धरायचा जो तक्ता वर्षानुवर्षं चालत आला आहे, तो बघा. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के घट, वर्षाच्या आत १५ टक्के, दुसऱ्या वर्षी २० टक्के, तिसऱ्या वर्षी ३० टक्के, चौथ्या वर्षी ४० टक्के आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. म्हणजे शोरूमच्या किमतीनुसार ४० लाखांची गाडी पाचव्या वर्षी कागदावर २० लाखांची धरली जाते, ती झाडाखाली असो नाहीतर शेडमध्ये. महागड्या परदेशी ब्रँडच्या गाड्यांना तर बाजारात भाव आणखी लवकर पडतो. त्यांचे पार्ट महाग, दुरुस्ती मोठ्या शहरात, आणि जुनी गाडी घेणारं गिऱ्हाईक थोडं.

त्यामुळं गाडीसाठी शंभर वर्षांचा वड उतरवणं हा हिशेब बसत नाही. डाग पाण्यानं जातो, गेलेला वड नातवाच्या काळातही परत उभा राहत नाही.

बागायतदाराचं नुकसान खरं आहे

द्राक्ष, पेरू, चिकू, जांभूळ यांच्या बागेत फळं खाणारी वाघळं नुकसान करतात. त्याची तक्रार खोटी नाही. वाघूळ पिकलेल्या, वासाच्या फळाकडं येतं. म्हणून झाडावरच पिकू दिलेल्या फळाला धोका जास्त, कच्ची उतरवलेली केळी-आंब्याला कमी.

उपाय करताना दोन गोष्टी बघा. जाळी लावायची तर छिद्र इतकं बारीक हवं की करंगळी आरपार जाणार नाही, साधारण ५ मिलिमीटर. मोठ्या छिद्राच्या, सैल नायलॉनच्या जाळीत वाघळं, पक्षी, सापही अडकून मरतात आणि अडकलेलं वाघूळ सोडवताना मजुराला चावा बसतो. जाळी ताणून बांधा. दुसरी गोष्ट, द्राक्षाच्या घडाला कागद आणि पेरूला फोम-पिशवी लावण्याची पद्धत आता रुळली आहे. तिचा इथंही फायदा होतो. शिवाय उतरणीला आलेलं फळ वेळेत काढा.

फटाके, धूर, गोफण यांनी वाघळं दोन दिवस हलतात आणि परत येतात. विषप्रयोग तर करूच नका. तो गुन्हा आहे.

कायदा बदललाय, हे माहीत असू द्या

पूर्वी फळं खाणारी बहुतेक वटवाघळं वन्यजीव कायद्यात उंदीर, कावळा यांच्यासोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. ती मारली तर गुन्हा होत नसे. १९७२ च्या या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यात ही उपद्रवी यादीच काढून टाकण्यात आली आणि मोठ्या वाघळाला संरक्षण मिळालं. त्यामुळं पूर्वीपासून मारत आलोय, हे कारण आता चालणार नाही.

झाडाचंही तसंच. चिंच, आंबा, जांभूळ, मोह अशी झाडं स्वतःच्या बांधावर असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

हाकलून लावली तर काय होईल

वड, पिंपळ, उंबर, जांभूळ, कडुनिंब, मोह यांच्या बिया लांबवर नेऊन टाकण्याचं काम ही वाघळं रोज रात्री करतात. बांधावर, पडक्या भिंतीत कुणीही न लावता उगवलेली कितीतरी झाडं पाखरांची आणि वाघळांची देणगी असते. मोठी वाघळं वर्षाला एकच पिल्लू देतात. त्यामुळं एकदा वसाहत मारली तर भरून यायला फार वर्षं लागतात.

शास्त्रज्ञ आणखी एक गोष्ट सांगतात. झाडं तुटली, खायला मिळालं नाही, सतत हुसकावलं, की वाघळांवर ताण येतो आणि ताणात त्यांच्या अंगातला विषाणू लाळेतून, लघवीतून जास्त बाहेर पडतो. त्यात ती पांगून घरांच्या आणखी जवळ येतात. म्हणजे रोगाच्या भीतीनं झाड तोडलं तर धोका वाढायचीच शक्यता आहे.

कडक उन्हात झाडाखाली मेलेली वाघळं दिसली तरी लगेच साथ आली असं समजू नका. मे २०२० मध्ये उत्तर प्रदेशच्या गोरखपूर जिल्ह्यात शेकडो वाघळं एकाच वेळी मेली, लोक हादरले. बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत तपासणी झाली, तेव्हा कोरोना नाही, रेबीज नाही, अतिउष्णतेनं मेंदूत रक्तस्राव झाला असं निघालं. असं आपल्याकडं दिसलं तर हात न लावता वन विभागाला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. त्यांच्या सूचनेनुसार हातमोजे घालून खोल खड्ड्यात पुरावं. पाण्याच्या जवळची, दाट सावलीची जुनी झाडं टिकली तर असे प्रकार कमी होतात.

बिहारच्या वैशाली जिल्ह्यातलं सरसई गाव वाघळांना ग्रामरक्षक मानतं. तमिळनाडूत काही गावं वडावरच्या वाघळांसाठी दिवाळीत फटाके उडवत नाहीत. आपण पूजा केलीच पाहिजे असं काही नाही. अंतर ठेवायचं, उष्टं खायचं नाही, हात लावायचा नाही आणि चावलं तर दवाखाना गाठायचा, एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं.

पुढच्या ग्रामसभेत वड तोडायचा विषय निघालाच, तर आधी आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि वनरक्षक या दोघांना बोलवा. त्यांना विचारा, मग हात वर करा.